मेंदी, हळद, चुडा आणि मग रंग: नवरीच्या नखांचं वेळापत्रक

इंदुरातल्याच एका मुलीने विचारलं आहे. लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, माहेर मराठी, सासर मारवाडी. आदल्या दोन-तीन दिवसांत मेंदी, संगीत, हळद. मुहूर्त सकाळी अकराच्या सुमारास, रात्री रिसेप्शन. नखं कुरतडायची सवय आहे, पण लग्नात लांब, दुधी पांढरी नखं हवी आहेत. पार्लरवाली म्हणते, आदल्या दिवशी ये, सगळं एकदम करून टाकू. हे बरोबर आहे का, आणि एक्स्टेन्शन (वर चिकटवलेली कृत्रिम लांब नखं) करावं की नुसतं जेल पॉलिश (दिव्याखाली घट्ट होणारा रंग)?

तुझ्याएवढी माझी भाची आहे, म्हणून तुला तू म्हणूनच लिहिते. रामबागेत 22 वर्षं नवऱ्या सजवते आहे. आता नखांचं काम जास्त असतं, आणि इंदुरात निम्मी लग्नं तुझ्यासारखीच, दोन रीतींची.

आदल्या दिवशी सगळं एकदम करू नकोस. मॅनिक्युअर हा एक शब्द असला तरी त्यात दोन कामं आहेत. हात कोमट पाण्यात बुडवणं, स्क्रब, वॅक्सिंग, नखांच्या मुळाशी असलेली कातडी साफ करणं हे पाण्याचं काम. नखांना आकार, जेल, रंग हे कोरडं काम. पाण्याचं काम मेंदी लागण्याआधीच संपलं पाहिजे, कारण मेंदी त्वचेच्या वरच्या थरात चढते आणि तोच थर स्क्रबने निघतो. आदल्या दिवशी वीस मिनिटं साबणाच्या पाण्यात हात ठेवलेस तर दोन दिवसांपूर्वी बसून काढलेली मेंदी लग्नात फिकट दिसेल. अशा नवऱ्या मी पाहिल्या आहेत. सगळा शृंगार झाला, आणि हाताकडे बघून आईच्या डोळ्यांत पाणी.

कोरडं काम कधी करायचं ते रंगावर अवलंबून आहे, आणि तू निवडलेला रंग इथेच अडचणीचा आहे.

मेंदीतला रंग देणारा पदार्थ केसांना आणि नखांना घट्ट धरतो. उघड्या नखावर मेंदी लागली की ते नारिंगी होतं, आणि तो रंग घासून जात नाही, नख वाढून पुढे सरकेल तेव्हाच जातो. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नख बदलायला चार ते सहा महिने. हळदीचा डाग उलट आहे, लागतो पटकन आणि उन्हात उडतोही. पण तुझी हळद आणि तुझा मुहूर्त यांच्यामध्ये एकच रात्र आहे. तेव्हा दुधी पांढरा रंग मेंदीच्या आधी लावलास तर त्याच्यावर आधी नारिंगी कडा येतील, मग पिवळी झाक. वरचा टॉप कोट कितीही चकचकीत असला तरी फिकट जेल हळद पितंच. डाळिंबी, मरून, विटकरी असे गडद रंग असते तर हा प्रश्नच नव्हता. मेंदीच्या आदल्या दिवशी जेल करून टाकायचं, पुढे मेंदी-हळद काही होवो, नखांवर दिसत नाही. गडद रंग घेणाऱ्या मुलींना मी हेच सांगते, आणि त्यांचं लग्न माझ्यासाठी सगळ्यात सोपं जातं.

पांढराच हवा असेल तर कोरडं काम हळदीची अंघोळ झाल्यावर, म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. दीड तास लागतो, हात पाण्यात घालायचे नाहीत. मात्र तोवर नखं मेंदीपासून जपावी लागतील. मेंदीवाली बसण्याआधी प्रत्येक नखावर साध्या पारदर्शक पॉलिशचे दोन हात मार, कडेपर्यंत, आणि तिला आधीच सांग की टोकं भरताना नख सोडायचं. आपल्याकडे बोटांची टोकं नखांसकट भरायची पद्धत जुनी आहे, आजी-आत्या आग्रह करतील. घरात आधी विचारून घे. आजीला भरलेली नखंच हवी असतील आणि तुलाही ती आवडत असतील, तर मग रंग लावूच नये. मेंदीने रंगलेलं स्वच्छ नख, त्यावर थोडी चमक, हे फार सुंदर दिसतं, आणि हल्ली ते कोणी करत नाही याचं मला वाईट वाटतं.

मेंदी सुकून पडली की घरोघरी त्यावर मोहरीचं किंवा लवंगेचं तेल लावतात. लाव, रंग गडद व्हायला मदत होते. मेंदीचा रंग पहिल्या दिवशी नारिंगी असतो आणि पुढच्या 24 ते 48 तासांत गडद होत जातो, म्हणून मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी. पण तेलकट नखावर जेल धरत नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातून सुटतं आणि मग पापडासारखं निघतं. पांढरं जेल टिकलं नाही अशा तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच या तेलाच्या असतात, जेलचा दोष नसतो. म्हणून रंगाच्या आधी पारदर्शक पॉलिश उतरवायचं ते कापसाच्या छोट्या बोळ्याने, फक्त नखावर, भोवतालच्या कातडीला व्हॅसलीनचा बारीक थर देऊन. पॉलिश उतरवायचं ॲसिटोन मेंदीवर सांडलं की तिथे रंग फिका पडू शकतो. मग नख स्पिरिटने दोनदा पुसायचं, नख आणि कातडी यांच्यामधली बारीक फट आणि कडा विसरायच्या नाहीत, कारण व्हॅसलीन तिथेच राहून जातं.

हळदीची एक गोष्ट सांगते, कारण ती घरात कोणी सांगत नाही. हळद लागलेला हात साबणाने धुवायचा नाही. आपल्याला लहानपणापासून माहीत आहे की हळदीला चुना लावला की कुंकू होतं. साबणही तसाच क्षारयुक्त असतो, हळद लालसर होते आणि तो डाग नखाच्या कडेला आणखी घट्ट दिसतो. माझ्याकडे एक नवरी अशी आली होती, मावशीने प्रेमाने साबण लावून हात चोळून धुतलेले, आणि दहाही बोटांची नखं कडेने विटकरी झालेली. मेंदीमुळे घासताही येईना. बोटांच्या टोकांवर कोरडा कापूस फिरवून आधी लेप पुसून काढायचा, मग तीळतेलाचा किंवा बदाम तेलाचा बोळा, मग साधं पाणी. इतकंच. रंग लावण्याआधी स्पिरिटने पुसतो तेव्हा उरलेली हळद निघते, कारण हळदीचा रंग पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये लवकर विरघळतो.

आता लांबीबद्दल. मी तुला लांब नखांपासून परावृत्त करणार आहे, आणि मला त्याचं कारण नीट सांगू दे.

आपल्या लग्नात नवरीच्या हातांना दिवसभर काम असतं. गौरीहरासमोर बसून ती तांदूळ वाहते. कन्यादानाला ओंजळ धरते, लाजाहोमात ओंजळीत लाह्या घेऊन अग्नीत सोडते. हळकुंडाचं कंकण बांधलं जातं आणि पुढे ते सोडवायचं असतं. मग सुपारीचा खेळ: मुठीत घट्ट धरलेली सुपारी नवऱ्याने एका हाताने सोडवायची, आणि सगळं घर ओरडत असतं. या खेळात एक्स्टेन्शन मोडलेलं मी तीन वेळा पाहिलं आहे. दोनदा फक्त टोक गेलं. एकदा खालचं नख मुळापासून उचललं, रक्त आलं, आणि त्या मुलीने उरलेलं लग्न बोटाला पट्टी बांधून काढलं.

आणि त्याच्याही आधी चुडा. हिरवा चुडा भरताना कासारीण काय करते ते बघितलं आहेस का? ती नवरीचा अंगठा तळहाताखाली दुमडते, चारही बोटं एकत्र चिमटते, हात सशाच्या कानासारखा लांबट करते, आणि काचेची बांगडी सांध्यांवरून फिरवत फिरवत पुढे ढकलते. बांगडी बोटांच्या टोकांवरून जाते तेव्हा नखं एकमेकांवर चढतात. चांगली कासारीण मापात बांगडी निवडते, पण चुडा हाताला चोख बसावा म्हणून तो थोडा घट्टच घेतला जातो. पहिल्या काही वर्षांत मी स्वतः एका नवरीला दुपारी एक्स्टेन्शन करून दिलं आणि संध्याकाळी तिचा चुडा होता हे विचारलंच नव्हतं. करंगळीचं नख उलटलं. चूक माझी होती. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो, चुडा कधी भरणार? चुडा आधी, रंग नंतर. काचेच्या बांगड्या घालून जेल घट्ट करणाऱ्या दिव्याखाली हात ठेवताना त्या घसरून ओल्या नखावर येतात, म्हणून मी कोपराकडे सरकवून ओढणीच्या पट्टीने सैल बांधून ठेवते.

सासर मारवाडी आहे म्हणतेस, तेव्हा त्यांच्याकडूनही चूडा येईल. तो वेगळ्या घडणीचा असतो आणि कधी घालायचा हे त्यांच्या रीतीने ठरतं. आत्ताच होणाऱ्या सासूबाईंना विचार. दोन्ही चुडे रंग लावण्याआधी झाले तर उत्तम. नाही झाले तर नखं आणखी आखूड ठेव.

किती आखूड? तळहात आपल्याकडे करून डोळ्यांसमोर धर. बोटाच्या टोकापलीकडे नख दोन-तीन मिलिमीटर दिसावं, आकार लंबगोल. एवढ्या नखाने फोटोत बोटं लांब दिसतात, मंगळसूत्राचा फोटो सुंदर येतो, आणि तुझ्या हाताने तुला नवऱ्याला घास भरवता येतो. टोकदार आकार तर नकोच, पैठणीच्या जरीत अडकतो. आणि लाजाहोमाच्या वेळी चिकटवलेली लांब प्लॅस्टिकची नखं ज्वाळेजवळ नेणं मला पटत नाही, ती उष्णतेने मऊ पडतात. ओलं साधं नेलपॉलिश तर पेट घेतं, म्हणून ऐनवेळी मंडपात होमाजवळ बसून नखं रंगवू नकोस.

कुरतडलेल्या नखांचं काय? तुझ्या हातात अडीच महिने आहेत, म्हणजे सात-आठ मिलिमीटर वाढ. पुरेशी आहे. फक्त आजपासून सुरुवात कर. दर रविवारी फाइलने एकाच दिशेने कडा घास, खरबरीत कोपरा दिसला की दात तिकडे जातोच. रोज झोपताना नखांच्या मुळाशी तेलाचा एकेक थेंब चोळ. थंडीत माळव्यात खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं, आणि मग दोन दिवस आळस होतो, म्हणून तीळतेल किंवा बदाम तेल ठेव. भांडी-धुणं असेल तर रबरी हातमोजे. बोअरिंगच्या पाण्याने हात कोरडे पडतात, ते वेगळंच.

केळवणं सुरू होतील. रोज कोणाकडे तरी वरण-भात, बटाट्याची भाजी, आणि आपण हातानेच जेवणार. तीन जेवणांत फिकट जेलची टोकं पिवळी होतात. तेव्हा केळवणांच्या काळात पांढरं जेल लावून ठेवू नकोस, नखं मोकळी ठेव. जेवून उठलीस की हाताला आधी तेल, मग पाणी.

नखांची कातडी हा मोठा विषय आहे आणि पार्लरमध्ये सगळ्यात जास्त चूक इथेच होते. नखाच्या मुळाशी असलेला पातळ पडदा जंतूंना आत जाऊ देत नाही. तो खोल कापला की नखुरडं होतं, म्हणजे नखाच्या बाजूला सूज, ठणका, पू. कुरतडणाऱ्यांची कातडी आधीच फाटलेली असते, त्यांना ते लवकर होतं. म्हणून कापण्यापेक्षा मऊ करून मागे ढकलायचं, फक्त लोंबणारा तुकडा कापायचा, आणि तेही लग्नाच्या चार-पाच दिवस आधी. त्या दिवशी काही लागलं तरी भरून यायला वेळ मिळतो. कातडी कापायची कात्री-चिमटा नीट निर्जंतुक केलेला आहे का, हे विचारायला लाजू नकोस. फाइल तर स्वतःचीच घेऊन जा. एकीच्या नखांवरून दुसरीच्या नखांवर फिरणारी फाइल मी माझ्याकडे ठेवत नाही. नखुरडं झालंच तर कोमट पाण्यात बोट शेकणं ठीक आहे, पण ठणका वाढला की डॉक्टर. आणि नख जाड झालं असेल, हिरवट किंवा तपकिरी झालं असेल तर त्यावर जेल लावून झाकायचं नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

जेलची चाचणी आधी करून घे, लग्नाच्या किमान महिनाभर आधी. काहींना जेलमधल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी होते: बोटांची टोकं खाजतात, सोलतात, कधी पापण्यांवरही पुरळ येतं, कारण आपण दिवसभर डोळ्यांना हात लावतो. एकदा झाली की ती सहसा आयुष्यभराची असते. कातडीवर सांडलेलं जेल दिव्याखाली धरण्याआधी पुसलंच पाहिजे, ॲलर्जीची सुरुवात बहुधा तिथून होते. बाटलीवर एचईएमए (ॲलर्जी करणारा त्याच जातीचा एक घटक) लिहिलं आहे का बघ, नसलेलं मिळालं तर ते घे, तरी चाचणी सोडू नकोस. जेल दिव्याखाली घट्ट व्हावं म्हणून घालतात त्या टीपीओ नावाच्या घटकावर युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी घातली आहे, तेव्हापासून मी तो नसलेलंच जेल मागवते. दिव्याखाली भाजल्यासारखं झालं तर लगेच हात काढ, सोसत बसू नकोस. कुरतडलेली नखं पातळ असतात, त्यांना जेल घट्ट होताना होणारी उष्णता जास्त जाणवते. जेलचे थर पातळ लावायचे, प्रत्येक थर एलईडी दिव्याखाली साधारण 30 ते 60 सेकंद. हाताला आधी सनस्क्रीन लावायचं असेल तर लाव, फक्त नखावर जाऊ देऊ नकोस. मेंदीची चाचणी यापेक्षा सोपी आहे: काळी मेंदी म्हणून जे विकतात ते नको. पटकन गडद काळा रंग देणाऱ्या त्या कोनात बहुधा केसांच्या डायमधलं पीपीडी असतं, आणि हातावर फोड येतात ते त्यानेच.

चाचणीच्या दिवशी लग्नाची साडी आणि एक हिरवी बांगडी घेऊन ये. दुधी पांढऱ्यात दहा छटा आहेत. निळसर पांढरा आपल्या गव्हाळ हातावर आणि पिवळ्या अष्टपुत्रीशेजारी खडूसारखा दिसतो. थोडा मलईकडे झुकणारा, अर्धपारदर्शक घे. खिडकीच्या उजेडात बघ, ट्यूबलाइटखाली बघ, मग पिवळ्या दिव्याखाली. तुझा मुहूर्त दिवसाचा आहे आणि रिसेप्शन रात्री हॉलच्या पिवळ्या उजेडात, रंग दोन्हीकडे चालला पाहिजे. एक नख सोन्याचं वगैरे करायचं असेल तर अनामिका घे, अंगठी तिथेच असते. खडे नकोत. ते गजऱ्याच्या दोऱ्यात अडकतात आणि शालूच्या धाग्यात तर नक्कीच.

वेळापत्रक असं धर. महिनाभर आधी चाचणी, मग तेच जेल दहा-बारा दिवसांनी नीट भिजवून काढायचं, ओरबाडायचं नाही, ओरबाडलं की नखाचा वरचा थर निघतो. हातावर ब्लीच किंवा डी-टॅन करायचं असेल तर लग्नाच्या आठ दिवस आधी. चार-पाच दिवस आधी पाण्याचं सगळं काम: भिजवणं, स्क्रब, कातडी, वॅक्सिंग, पेडिक्युअर. त्याच दिवशी नखांना शेवटचा आकार. दोन दिवस आधी सकाळी पारदर्शक पॉलिश, संध्याकाळी मेंदी, संगीत त्याच रात्री ठेवणार असाल तर मेंदीला किमान सहा तास मिळतील असं दुपारी लवकर बसव. आदल्या दिवशी चुडा, हळद, अंघोळ, आणि संध्याकाळी सहानंतर रंग. रात्री काही करायचं नाही, जेवण दुसऱ्याने भरवायचं.

पायांचं फार लांबवत नाही. जोडवी दुसऱ्या बोटात बसतात, तिथलं नख आखूड आणि कडेला गुळगुळीत हवं, नाहीतर चांदी टोचते. पायाच्या नखांना गडद रंग दे आणि मेंदीच्या आधीच लाव, तिकडे पांढऱ्याचा हट्ट नको.

करवलीच्या पर्समध्ये एक छोटी पिशवी दे: फाइल, स्पिरिटचे दोन-तीन पुसणे, त्याच छटेचं साधं नेलपॉलिश, पारदर्शक पॉलिश आणि रिकाम्या टी-बॅगच्या कागदाचा एक तुकडा. नखाला चीर गेली तर कागदाचा नखाएवढा तुकडा कापून पारदर्शक पॉलिशने चिकटवायचा, वर आणखी एक हात, सुकला की कडा फाइलने घासायच्या. संध्याकाळपर्यंत टिकतं.

एक गोष्ट मात्र आजच कर. देवउठनी एकादशीनंतर आणि डिसेंबरच्या मध्यात मलमास, म्हणजे धनुर्मास, लागायच्या आत इंदुरातले सगळे मुहूर्त दाटीने येतात. मेंदीवाली, कासारीण आणि नखांचं काम करणारी, तिघींना एकाच वेळी दहा घरं असतात. पार्लरवालीला आदल्या संध्याकाळची वेळ आत्ताच मागून घे, आणि ती तुझ्या घरी येईल का हेही विचार, कारण हळदीच्या दिवशी नवरीने घराबाहेर पडायचं नाही असं तुमच्याकडे म्हणत असतील तर पार्लरला जाणं होणार नाही. मेंदीची वेळ ठरली आणि सासूबाईंकडून चूड्याचं कळलं की मला लिही, मग तुझ्या दोन संध्याकाळी तासांच्या हिशोबाने बसवून देते.